पाळी अठ्ठावीस दिवसांची नसते तेव्हा

माझी पाळी कधीच महिन्याच्या महिन्याला आली नाही. कधी सव्वा महिन्याने, कधी दीड, कधी दोन महिने उलटले तरी पत्ता नाही. लग्नाआधी ही गोष्ट आई आणि मी यांच्यापुरती होती. लग्नानंतर ती सासर, माहेर, शेजार असं करत शाळेच्या स्टाफरूमपर्यंत पोचली. आता मुलगी शाळेत जाते. तिच्या आधीची वर्षं आठवली की वाटतं, पाळीने दिला त्याहून जास्त त्रास २८ या आकड्याने दिला. मोबाइलमधलं अॅप, लॅबची चिठ्ठी, सोनोग्राफीचा रिपोर्ट, बाळंतपणाची तारीख, सगळं पाळी २८ दिवसांनी येते असं धरूनच चाललेलं असतं. ज्यांची तशी येत नाही त्यांना दर ठिकाणी आपला हिशेब आपण सांगावा लागतो. मी डॉक्टर नाही, हायस्कूलला गणित शिकवते. पण भाच्या, पुतण्या आणि शाळेतल्या नव्या मॅडम दार लावून घेऊन हेच विचारायला येतात, म्हणून एकदा सगळं लिहून काढते आहे.

१. नुसत्या तारखेवर गोल करू नका

आमच्या घरी कालनिर्णयवर तारखेला बारीक गोल करायची पद्धत होती. आईचा निळा, माझा लाल. डॉक्टरांकडे गेल्यावर कळलं की एवढ्याने भागत नाही. पाळी किती दिवस टिकली, अंगावरून किती गेलं, मध्येच डाग पडले का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ती आपणहून आली की गोळी घेऊन आणली, हे लिहिलेलं असेल तर पहिल्याच भेटीत निम्मं काम होतं.

शिवाय आपली पाळी खरंच अनियमित आहे का, हेही त्या नोंदीवरूनच कळतं. मोठ्या बाईची पाळी २१ ते ३५ दिवसांत कधीही आली तरी ती ठीकच. एका महिन्यात २७ आणि पुढच्यात ३१ दिवस झाले म्हणून घाबरणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत; त्यांना काहीही झालेलं नसतं. वयात आल्यानंतरची पहिली दोन-तीन वर्षं तर ४५ दिवसांपर्यंतचं अंतरही चालतं. एकदा जरी ९० दिवसांवर गेली, तर मात्र दाखवायचं.

२. पाळी आली म्हणजे अंडं फुटलं असं नाही

हे समजायला मला फार वेळ लागला, आणि घरातल्या बाकीच्यांना तर ते अजूनही पटलेलं नाही. दोन महिने पाळी नाही, मग डॉक्टरांनी पाच-दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या, त्या थांबवल्यावर अंगावरून गेलं. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली, ‘आता गाडी रुळावर आली’ म्हणाल्या. पण त्या गोळ्या प्रोजेस्टेरॉनसारख्या असतात. गर्भपिशवीच्या आत वाढलेलं अस्तर त्या थांबवल्यावर गळून पडतं, एवढंच. अंडाशयात अंडं तयार झालं का, फुटलं का, याच्याशी त्या रक्तस्रावाचा संबंध नसतो. गर्भनिरोधक गोळ्या घेताना दर महिन्याला येते तीही अशीच. तिच्यावरून आपली पाळी नियमित झाली असं धरता येत नाही. या गोळ्यांनी पुढे मूल होत नाही ही भीती मात्र निराधार आहे.

गणपती, गौरी, घरातलं लग्न यांसाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांबद्दलही तेच. आमच्याकडे मेडिकलवाला श्रावण संपता संपता त्या काउंटरवरच ठेवतो. एखाद्या वेळी घेतल्याने कुणाचं मूल अडत नाही. पण आधीच हिशेब चुकलेला असताना वर्षातून तीन-चारदा असं ढकलत राहिलं, तर आपलं शरीर आपणहून काय करतं आहे हे कुणालाच कळत नाही, डॉक्टरांनाही.

आणि ‘येत नाही तर बरंच की, कटकट नाही’ असं म्हणणाऱ्यांसाठी: अंडं फुटत नसेल तर अस्तर नुसतं जाड होत राहतं. वर्षानुवर्षं असं चाललं तर त्यातून पुढे वाईट दुखणं उद्भवू शकतं. मूल हवं असो वा नसो, तीन महिन्यांहून जास्त काळ पाळीशिवाय जाऊ देऊ नये.

३. पुढून नाही, मागून मोजायचं

जपानमध्ये क्युसाकू ओगिनो नावाचे डॉक्टर होते. त्यांनी १९२४ साली मांडलं की अंडं फुटण्याचा दिवस मागच्या पाळीपासून मोजायचा नसतो, पुढच्या पाळीपासून उलटा मोजायचा असतो. अंडं फुटल्यावर पाळी यायला साधारण दोन आठवडे लागतात आणि हे अंतर फारसं बदलत नाही. बदलतो तो आधीचा भाग. लग्नाचा मुहूर्त ठरला की हळद, मेंदी, केळवण आपण मागे मोजत ठरवतो, तसंच हे. २८ दिवसांची पाळी असेल तर अंडं चौदाव्या दिवशी, ४५ दिवसांची असेल तर एकतिसाव्याच्या आसपास.

मी वर्षभर चौदाव्या दिवसाभोवती फिरत होते. अॅप हिरवा ठिपका दाखवायचं, नवरा रजा टाकायचा, आणि अंडं मात्र कुठेतरी पंधरवडाभर पुढे.

याच हिशेबाने एक रक्ततपासणीही फसली. ‘एकविसाव्या दिवसाचं प्रोजेस्टेरॉन’ अशी चिठ्ठी मिळाली, मी बरोबर त्या दिवशी रक्त दिलं, रिपोर्ट आला की अंडं फुटलेलं नाही. घरात सुतक. मी नंतर वेगळ्या डॉक्टर बाईंकडे गेले, त्यांनी कागद पाहिला आणि विचारलं, ‘त्यानंतर पाळी किती दिवसांनी आली?’ मी सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘मग त्या दिवशी फुटायची वेळच झाली नव्हती.’ ही तपासणी पुढच्या पाळीच्या सात दिवस आधी करायची असते. २८ च्या पाळीत तो दिवस एकविसावा येतो, ३५ च्या पाळीत अठ्ठाविसावा. चिठ्ठीवर छापलेला आकडा दुसऱ्या कुणाचा तरी होता.

आता तुम्ही म्हणाल, पुढची पाळी कधी येणार हेच माहीत नाही तर मागे मोजायचं कुठून? बरोबर आहे. अनियमित पाळीत हा हिशेब पाळी येऊन गेल्यावरच जुळतो, आधी नाही. लघवीच्या पट्ट्याही अशा वेळी दगा देतात. त्या ज्या हार्मोनवर रंग दाखवतात ते पीसीओडी (अंडाशयाचा आजार, त्याबद्दल पुढे) असलेल्या काहीजणींत मुळातच वाढलेलं असतं, म्हणून पट्टी रोजच ‘आज, आज’ म्हणत राहते. तेव्हा दिवस शोधायचाच नाही. पुरुषबीज आत पाच दिवसांपर्यंत टिकतं, अंडं मात्र जेमतेम दिवसभर. म्हणजे दर दोन-तीन दिवसांनी संबंध आले तर अंडं कधीही फुटलं तरी गाठ पडते. दोन खोल्यांच्या घरात, सासूबाई बाहेरच्या खोलीत, त्यात दिवाळीचे पाहुणे, हे सांगायला सोपं आणि करायला अवघड आहे. पण तारखेचा धाक गेल्यावर आमच्यातली भांडणं कमी झाली, एवढं खरं.

४. पीसीओडीचा शिक्का सोनोग्राफीवरून मारून घेऊ नका

‘अंडाशयावर गाठी आहेत’ हे वाक्य ऐकून मी रडत घरी आले होते. त्या गाठी काढायच्या नसतात, त्या अर्धवट वाढून थांबलेल्या अंड्यांच्या पिशव्या असतात. शिकागोमधल्या स्टाइन आणि लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी १९३५ साली हा आजार पहिल्यांदा नीट मांडला. २००३ मध्ये रॉटरडॅमला तज्ज्ञांनी ठरवलं की तीनपैकी दोन गोष्टी असल्या तरच हे नाव द्यायचं: पाळीचं अंतर बिघडलेलं, पुरुषी हार्मोन वाढल्याची चिन्हं (हनुवटीवर केस, मोठी मुरमं किंवा रक्ताचा रिपोर्ट), आणि सोनोग्राफीतलं ते चित्र. तेही थायरॉईडसारखी दुसरी कारणं बाजूला काढल्यावर. नुसत्या सोनोग्राफीवरून ठरत नाही.

वयात आलेल्या मुलींना घेऊन सोनोग्राफीला धावणाऱ्या आयांना तर मी हात जोडून सांगते. पहिल्या पाळीनंतर आठ वर्षं तरी या निदानासाठी सोनोग्राफी वापरू नये असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात, कारण त्या वयात निरोगी अंडाशयही तसंच दिसतं.

आणि पीसीओडी म्हणजे मूल होणार नाही, असं अजिबात नाही. अंडं फुटतं, पण क्वचित आणि न सांगता. वर्षाला बारा-तेरा संधी मिळायच्या तिथे चार-पाच मिळतात. म्हणूनच ‘मला कुठे राहतंय’ म्हणून बिनधास्त असलेल्या माझ्या एका मैत्रिणीला नको त्या वेळी दिवस राहिले.

५. आधी स्वस्त तपासण्या, आणि नवऱ्याची पहिल्या आठवड्यात

पस्तिशीच्या आत असाल तर वर्षभर वाट पाहा, पस्तिशीनंतर सहा महिने, असं सांगतात. ते नियमित पाळीवाल्यांसाठी. आपली पाळी बिघडलेली असेल तर थांबण्यात अर्थ नाही, मूल हवं असं ठरलं की जायचं.

टीएसएच आणि प्रोलॅक्टिन या दोन रक्ततपासण्या आधी. थायरॉईड मंद असेल तर गोळीने पाळी बरीच सुधारू शकते. प्रोलॅक्टिन हे दूध आणणारं हार्मोन. ते वाढलं की अंडं फुटणं थांबतं. इथे एक आडवळणाची गोष्ट सांगते. माझ्या आतेबहिणीचं प्रोलॅक्टिन वाढलेलं आलं, मेंदूच्या एमआरआयची भाषा सुरू झाली. तेवढ्यात कुणीतरी विचारलं, रोज कुठल्या गोळ्या घेतेस? ती पित्तासाठी कित्येक महिने सकाळी उपाशीपोटी एक कॅप्सूल घेत होती, पॅन्टोप्राझोलबरोबर डॉमपेरिडोन असलेली. डॉमपेरिडोनने प्रोलॅक्टिन वाढतं. मानसिक आजारावरच्या काही औषधांनीही वाढतं, मात्र ती डॉक्टरांना न विचारता थांबवायची नसतात. तिची कॅप्सूल बदलली, रिपोर्ट उतरला. डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, पित्ताचीही.

पाळी अगदी कमी जात असेल आणि घरात कुणाला टीबी झालेला असेल तर तेही सांगा. पिशवीचा टीबी आपल्याकडे अजून सापडतो आणि तो बीजवाहक नळ्या बंद करतो.

आता नवऱ्याबद्दल. बायकोची पाळी अनियमित असली की सगळ्यांना आयतं कारण सापडतं, आणि नवऱ्याची तपासणी मागे पडते. आमच्याकडेही सासरे म्हणाले, ‘त्याला कशाला, दोष कुठे आहे ते ठाऊक आहे ना?’ माझ्या डॉक्टर बाईंनी मात्र त्याचा रिपोर्ट येईपर्यंत मला गोळी लिहून दिली नाही. त्यांचं म्हणणं साधं होतं: अंडं फुटवून काय उपयोग, समोर बीज आहे की नाही हे माहीत नसेल तर? मूल न होणाऱ्या जोडप्यांत साधारण निम्म्या ठिकाणी पुरुषाकडचं कारणही असतं. आणि त्याला नुकताच डेंग्यू किंवा टायफॉइड होऊन गेला असेल तर पहिल्या खराब रिपोर्टने खचू नका. पुरुषबीज तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, त्यानंतर पुन्हा तपासा.

६. वजनाबद्दल थोडक्यात

कारण बाकी सगळे त्यावर भरपूर बोलतात. वजन जास्त असेल तर त्यातलं पाच ते दहा टक्के उतरलं तरी पुष्कळजणींची पाळी सुधारते. म्हणजे ऐंशी किलोच्या बाईला चार ते आठ किलो. साठावर यायची गरज नाही. बारीक बायकांनाही पीसीओडी असतो, त्यांना हा सल्ला देऊन छळू नये. आणि उपास म्हणजे डाएट नव्हे. साबुदाणा खिचडी, बटाट्याची भाजी, वर राजगिऱ्याचा लाडू, ही एकादशी शरीरातल्या इन्शुलिनला मानवत नाही.

७. अंडं फुटायच्या गोळ्या

माझ्या वेळी क्लोमिफेन दिली. लेट्रोझोल नावाची दुसरी गोळी होती, पण मूल होण्यासाठी ती वापरायला सरकारने २०११ साली बंदी घातली होती. त्या बंदीच्या काळातच, २०१४ मध्ये, अमेरिकेतल्या साडेसातशे पीसीओडी असलेल्या बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लेट्रोझोल घेतलेल्यांपैकी २७.५ टक्के बायकांना मूल झालं, क्लोमिफेन घेतलेल्यांपैकी १९.१ टक्के. आपल्याकडची बंदी २०१७ मध्ये उठली आणि आता लेट्रोझोलच आधी देतात. माझी मावसबहीण ती घेऊ लागली तेव्हा पाकिटातल्या कागदावर ‘स्तनाचा कर्करोग’ वाचून रात्री साडेदहाला मला फोन आला. गोळी मूळची त्याच आजारासाठीची आहे, हे खरं आहे. इथे ती पाचच दिवस देतात, इस्ट्रोजेन थोडा वेळ खाली आणून अंडाशयाला जागं करायला.

गोळीबरोबर फॉलिक्युलर स्टडी येते, म्हणजे दर एक-दोन दिवसांनी आतून सोनोग्राफी. अंड्याची पिशवी साधारण अठरा ते चोवीस मिलिमीटरची झाली की फुटते. शाळेचे तास सांभाळून हे करायचं तर मुख्याध्यापकांना काहीतरी सांगावं लागतं. मी दाताचं काम चाललंय असं सांगितलं होतं. गोळ्यांनी जुळं राहण्याची शक्यता थोडी वाढते, हे आधी विचारून घ्या. आणि पहिल्या भेटीतच आयव्हीएफचं पॅकेज समोर ठेवणाऱ्या ठिकाणाहून सरळ उठून या. नुसतं अंडं फुटत नसेल तर पुष्कळजणींचं काम गोळ्यांवरच होतं.

८. दिवस राहिल्यावरही हिशेब २८ चाच लावतात

अनियमित पाळीवाल्यांना दिवस राहिल्याचंही उशिरा कळतं, कारण पाळी चुकणं ही आपल्याला बातमीच नसते. म्हणून फॉलिक अॅसिडची गोळी प्रयत्न सुरू करायच्या आधीपासून, रोज ४०० मायक्रोग्रॅम. बाळाचा मणका पहिल्या काही आठवड्यांतच घडतो. आणि ‘पाळी आणायची’ गोळी तोंडात टाकण्याआधी दर वेळी लघवीची टेस्ट. स्वस्तातली पट्टी चालते.

माझी पट्टी दोन रेघांची निघाली तेव्हा शेवटच्या पाळीवरून साडेसात आठवडे भरत होते. सोनोग्राफी सेंटरमध्ये ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ या पाटीखाली बसून एफ फॉर्म भरला, सही केली. आत डॉक्टरांनी बराच वेळ पडदा निरखला. नुसती सॅक, म्हणजे गर्भाभोवतीची पिशवी, दिसत होती, बाळ नाही, ठोके नाहीत. रिपोर्टवर वाढ आठवड्यांच्या मानाने कमी असल्याचं आलं. बाहेर काउंटरवरच्या बाईने सहज आवाजात सांगितलं, ‘पिशवी साफ करावी लागेल, डॉक्टरांशी बोलून घ्या.’

माझ्या डॉक्टर बाईंनी पाळीच्या नोंदींची वही उघडायला लावली. आदल्या पाळ्यांची अंतरं पाहिली, बोटांवर मोजलं आणि म्हणाल्या, ‘तुमचे साडेसात नाहीत, पाच आठवडे असतील. पाच आठवड्यांना एवढंच दिसतं. दोन आठवड्यांनी या.’ दोन आठवड्यांनी ठोके होते. त्या ठोक्यांची मुलगी आता मला भूमितीतल्या चुका दाखवते.

हे मी मुद्दाम लांबवून सांगते आहे, कारण या एका ठिकाणी घाई झाली तर मागे फिरता येत नाही. डॉक्टरांचे नियम इथे कडक आहेत आणि ते आपल्यालाही माहीत असावेत. सॅक २५ मिलिमीटरची होऊनही आत बाळ दिसत नसेल, किंवा बाळ ७ मिलिमीटरचं होऊनही ठोके नसतील, तरच एका सोनोग्राफीवर नक्की सांगता येतं. त्याआधी पुन्हा पाहायचं असतं. पुन्हा पाहिल्यावरही ठोके सापडत नाहीत असं पुष्कळदा होतं. माझ्या जाऊबाईंच्या बाबतीत तसंच झालं, तेव्हा दर वेळी आशा धरा असं मी म्हणणार नाही. पण नक्की झाल्याशिवाय पिशवी साफ करायला होकार देऊ नका. मात्र पोटात एका बाजूला कळ, चक्कर, खांद्यात दुखणं, जास्त रक्त, असं काही झालं तर दोन आठवडे बिलकूल थांबायचं नाही. गर्भ नळीत असेल तर जिवावर बेततं. त्याच दिवशी दवाखाना.

बाळंतपणाची तारीखही पहिल्या तिमाहीतल्या सोनोग्राफीवरून, बाळाची लांबी मोजून, ठरवून घ्या आणि फाइलच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. पाळीच्या तारखेवरून काढलेली आमच्यासारख्यांची तारीख दोन-तीन आठवडे आधीची येते. नवव्या महिन्यात नवीन सिस्टर फाइल उघडते, पाळीची तारीख पाहते आणि ‘तारीख उलटली, कळा सुरू करायला हव्यात’ म्हणते. माझ्या बाबतीत हे झालं, आणि पहिल्या पानावरची तारीख दाखवल्यावर मिटलं.

९. साखर

पीसीओडी असलेल्यांना गरोदरपणात साखर वाढण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त. सरकारी नियमाप्रमाणे ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी पाजून दोन तासांनी रक्त घेतात, उपाशी असण्याची अट नाही. १४० किंवा वर आली तर साखर आहे. पहिल्या भेटीत एकदा, आणि ती बरोबर आली तरी २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा. ते पाणी इतकं गोड असतं की मळमळतं. लिंबू पिळून देतात का विचारा, काही ठिकाणी देतात. ज्यांना साखर होती त्यांनी बाळंतपणानंतर दीड महिन्याने पुन्हा तपासायची. तोवर सगळे बाळात गुंतलेले असतात आणि ही तपासणी हमखास राहून जाते.

१०. बाळंतपणानंतर

बाळ झालं की पाळी सुधारते, असं मला सगळ्या बायकांनी सांगितलं होतं. माझी नाही सुधारली. अंगावर पाजत होते तोवर आलीच नाही, नंतर आली ती पुन्हा आपल्या मर्जीने. आणि पाळी सुरू झालेली नाही म्हणून निर्धास्त राहायचं नसतं. अंडं आधी फुटतं, पाळी नंतर येते. म्हणजे बाळंतपणानंतर एकदाही पाळी न येता पुन्हा दिवस राहू शकतात, आणि आपल्याला ते चौथ्या महिन्यात कळू शकतं. शेजारच्या वहिनींना असंच कळलं, पहिला मुलगा अजून रांगत होता. मी दीड महिन्याच्या तपासणीलाच तांबी बसवून घेतली.